प्लायवूडवरचं फाटक

आमच्या हिलालभाऊंना देवानं आवाज दिलाय, पण ते तो जपून ठेवतात. माझे चुलत दीर. भिंतीला भिंत लागून घर. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी त्यांची थट्टा करतेय, आणि तेव्हापासून ते "हां वहिनी" एवढंच म्हणतात. दिराला छळायचा भावजयीला हक्क असतो, पण समोरचा जरा चिडला तर त्यात गंमत. हे चिडतच नाहीत. मग मीच चिडते, आणि घरी येऊन आमच्या ह्यांच्यावर काढते.

नंदुरबारहून नवापूरकडे जी लाईन जाते, तिच्या दोन्ही अंगाला आमचं गाव. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मध्ये फाटक. त्या फाटकावर हिलालभाऊ एकतीस वर्षं गेटमन होते. गावात पाटलाला जेवढ्या शिव्या पडल्या नसतील तेवढ्या त्यांना पडल्या. कापसाची बैलगाडी अडली, हिलाल. पाहुणे अडले, हिलाल. नवरदेव घोड्यावर अर्धा तास ताटकळला, त्याचा घाम निघून मुंडावळ्या ओल्या झाल्या, हिलाल. मी एकदा म्हटलंसुद्धा, "भाऊ, गावात तुमच्या नावाचा जप चालतो, देवाचाही एवढा होत नाही." ते म्हणाले, "हां वहिनी."

मग ते रिटायर झाले, आणि वर्षभरातच रेल्वेनं ते फाटकही काढून टाकलं. खालून बोगदा केला. आता कोणी अडत नाही. पावसाळ्यात बोगद्यात कंबरेएवढं पाणी साचतं, तेव्हा सगळेच अडतात, पण शिव्या द्यायला समोर माणूस नाही, म्हणून लोकांना फार चुकल्यासारखं होतं.

घरी बसलेला गेटमन म्हणजे काय असतो ते मला विचारा. सकाळी पावणेसहाला, अकरा दहाला, दुपारी सव्वातीनला हा माणूस ओट्यावरून उठून उभा राहायचा. गाडी गेली की बसायचा. रंजना, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाली, "वहिनी, ह्यासले कायतरी काम द्या, नहीतर मी माहेर जास."

काम मिळालं ते सुरतेहून. त्यांची मुलगी रुचिका तिथे असते. तिच्या मुलीला कोणीतरी वाढदिवसाला खेळण्यातली आगगाडी दिली होती, रूळ, इंजिन, चार डबे. पोरीनं आठ दिवस खेळून टाकून दिली. रुचिकानं ती खोक्यासकट इकडे आणली. हिलालभाऊंनी खोकं उघडलं, रूळ हातात घेऊन उलटसुलट पाहिला, खालच्या आडव्या पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "स्लीपर भलता लांब लांब शेतस." झालं. दुसऱ्या दिवशी आठ बाय चारचं प्लायवूड घरात आलं, पुढच्या खोलीतल्या खाटेवर बसलं, आणि रंजनाच्या पाहुण्यांची बसायची जागा गेली ती गेलीच.

दोन वर्षांत त्या प्लायवर आमचं अख्खं गाव उगवलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काटक्यांची झाडं. लाकडाच्या भुश्याला हिरवा रंग देऊन शेतं. आमचं घर होतं, त्याला मी निळा रंग मागितला होता, त्यांनी खरा आहे तोच पिवळा दिला. नंदुरबारच्या बाजूला मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्या होत्या, आणि त्यासाठी ह्या माणसानं खरं तिखट पसरलं होतं. पंखा लावला की सगळं गाव शिंकायचं. मी म्हटलं, "भाऊ, लाल रंग संपला होता का बाजारात?" तर म्हणाले, "वहिनी, वास बी पाहिजे ना."

बैलगाडी होती, ट्रॅक्टर होता, शेळ्या होत्या. फाटक होतं, दोन दांडे, लाल-पांढरे पट्टे ओढलेले, बाजूला गेटमनची खोली. सिग्नलचा खांब होता. फक्त ते फाटक हलत नव्हतं आणि सिग्नल पेटत नव्हता. गाडी फिरवली असती तरी फाटक आपलं उघडंच राहिलं असतं. हिलालभाऊ ती गाडी कधी चालवायचेच नाहीत. बंद ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "उघड्या फाटकमाईन गाडी कशी काढू?"

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. थट्टेची नाही.

हिलालभाऊंची थोरली बहीण दगूबाई, ते त्यांना नुसतं बाई म्हणायचे. दिली लाईनीपलीकडच्या अर्ध्या गावात, गिरधर पाटलांकडे. सतरा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, दुपारी गिरधरभाऊंच्या छातीत दुखायला लागलं. जीपमध्ये घातलं. दगूबाई, त्यांचं डोकं मांडीवर, पुढे डायव्हरशेजारी सोळा वर्षांचा मुलगा नवनीत. नंदुरबारला न्यायचं. फाटकाशी आले तर फाटक पडलेलं. वळणावर मालगाडीचं इंजिन दिसत होतं, कोळसा भरलेली, गोगलगाईसारखी येत होती. नवनीतनं उतरून दांडा हलवला, ओरडला, "मामा, उघाडा." मामा हँडलपाशी उभे होते. उभेच राहिले. गाडी आली, साठेक डबे गेले, फाटक उघडलं. सात मिनिटं. गिरधरभाऊ नंदुरबारच्या अलीकडे दोन मैलांवर गेले.

डॉक्टर म्हणाले, सात मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर काहीही म्हणतात. दगूबाई तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सात मिन्टमा तीन जीपा निंघी जात्यात. आन मन्हा सख्खा भाऊ हात बांधीसन उभा." हिलालभाऊ काहीतरी बोलायला लागले, तर त्या म्हणाल्या, "तुन्हं फाटक तुले, मन्हं घर माले." तेव्हापासून त्यांनी भावाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. राखी नाही, भाऊबीज नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. म्हातारी झाली तरी लेक येते. दगूबाई आल्या नाहीत.

हिलालभाऊ मात्र दर आखाजीला दारच्या निंबाला झोका बांधायचे. कोणासाठी ते कोणी विचारलं नाही. रिकामा दिसू नये म्हणून मी जाऊन बसायचे. एका वर्षी माझ्या वजनानं फांदी करकरली तर म्हणाले, "वहिनी, उतरा. झोका बाईना शे." तेवढंच एकदा बोलले.

तर सिग्नल. नंदुरबारला नवनीतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मामा-भाच्याचं बोलणं बंद नव्हतं, पण सुरूही नव्हतं. रस्त्यात भेटले की "बरं शे ना", एवढंच. गेल्या पौषात हिलालभाऊ त्या दुकानात गेले आणि काउंटरवर कागद ठेवला. कागदावर फाटकाचं चित्र. म्हणाले, "लाईट लागाले पाहिजे, दांडा खाले पडाले पाहिजे. व्हई का?" नवनीतनं बराच वेळ कागद पाहिला. मग म्हणाला, "रविवारले येस मी."

रविवारी यायचा तो आईला "दुकानात माल लावायचाय" सांगून. हे मला माहीत, कारण माझ्या खिडकीतून सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते मी विचारून घेते.

तीन रविवारांत त्यानं काम उरकलं. मला बोलावलं दाखवायला. रुळाखाली बारीक डोळा बसवलेला. गाडी जवळ आली की त्या डोळ्याला कळतं, लाल दिवे टिक टिक करायला लागतात, घंटी वाजते, दांडे आपोआप खाली. गाडी गेली, दांडे आपोआप वर. मी तर टाळ्या वाजवल्या. रंजनानं पदरानं नाक दाबूनच दोनदा पाहिलं.

हिलालभाऊ म्हणाले, "हाई बरोबर नही."

"काबर मामा?" नवनीतचा चेहरा उतरला. "गाडी उनी, फाटक पडनं. आखो काय पाहिजे?"

"गाडी उनी म्हनीसन फाटक पडत नही," हिलालभाऊ म्हणाले. "फाटक पडनं म्हनीसन गाडी येस."

मी म्हटलं, "आता हे काय नवीन? भाऊ, तुम्ही एकतीस वर्षं उलटी नोकरी केली की काय?"

त्या दिवशी मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोलताना ऐकलं. आम्ही सगळे समजतो की गाडी निघते, येत असते, आणि गेटमन धावत जाऊन फाटक पाडतो. तसं नसतं. आधी स्टेशनवरून फोन येतो. गेटमन फाटक पाडतो, कुलूप लावतो, मास्तरला नंबर देतो. फाटकाला कुलूप बसल्याशिवाय सिग्नल हिरवा होऊच शकत नाही, तारच जुळत नाही. फाटक उघडं तर सिग्नल लाल, सिग्नल लाल तर गाडी तिकडेच उभी. आणि एकदा सिग्नल हिरवा झाला, गाडी तो ओलांडून फाटकाकडे आली, की मग किल्ली अडकते. हँडल फिरत नाही. गाडी पार होईपर्यंत ते फाटक कोणाच्या बापालाही उघडत नाही.

"आन अर्जंट काम ऱ्हायनं तर?" नवनीतनं विचारलं. त्याच्या हातात तार होती, तो खालीच पाहत होता.

"पेटीमा एक किल्ली ऱ्हास. सील तोडीसन काढानी. ती फिरावी की सिग्नल लाल व्हस. पन गाडी सिग्नल वलांडीसन येल व्हई, तर ती लाल कसाले देखी?"

नवनीतच्या हातातली तार सैल झाली. म्हणाला, "मामा, मंग त्या दिन तुमले उघाडताच येत नव्हतं?"

हिलालभाऊ म्हणाले, "तार धर नीट."

मी पण गप्प बसले. मी गप्प बसले हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

सगळं उपटून पुन्हा जोडायला त्यांना अडीच महिने लागले. आता आपोआप काही नाही. एक बटण फाटकाचं. ते दाबलं की दांडे खाली, खटकन आवाज येतो, तो कुलपाचा. मग सिग्नल हिरवा होतो. मग रुळात वीज जाते आणि इंजिन हलतं. आणि गाडी पुढच्या डोळ्यासमोरून शेवटच्या डब्यासकट जाईपर्यंत बटण कितीही दाबा, दांडा हलत नाही. गाडी त्यांनी इतकी सावकाश ठेवली होती की मला तेवढ्यात डुलकी लागायची. एकदा नवनीतनं घड्याळ लावलं. सिग्नलपासून फाटक पार होईपर्यंत सात मिनिटं. प्लायवर रुळाचे दोन वेढे जास्तीचे घालून ती सात केली होती.

नवनीतच्या शर्टाच्या खिशात एक पांढरी जीप असायची, बोटाएवढी. दर रविवारी आणायचा, दर रविवारी तशीच घेऊन जायचा. प्लायवर सगळं होतं, जीप नव्हती.

आता माझा गुन्हा सांगते. आखाजीच्या चार दिवस आधी पिठाच्या गिरणीवर मला दगूबाई भेटल्या. सत्तरीच्या, पण ताठ, चष्म्यावरून बघतात. माझ्याशी त्या बोलतात, मी काही फाटक पाडलं नव्हतं. बोलता बोलता माझी जीभ घसरली. बरं, मी घसरवली. म्हटलं, "नवनीत फार दमतो हो, रविवारचं सुद्धा. मामाच्या घरी दिवसभर वाकून बसायचं म्हणजे पाठ दुखणारच." दगूबाईंनी पिठाचा डबा उचलला आणि चालायला लागल्या. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. पश्चात्ताप म्हणून नाही, काम व्हावं म्हणून.

आखाजीच्या दिवशी दुपारी त्या आल्या. पलीकडून, बोगद्यातून, उन्हात, डोक्यावर पदर. मी खिडकीतच होते, धावत हिलालभाऊंच्या ओट्यावर पोचले. आत सणाची घागर भरलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, रंजना सांजोऱ्या तळत होती. पुढच्या खोलीत नवनीत प्लायवर वाकलेला. हिलालभाऊंनी बहिणीला पाहिलं आणि उभे राहिले, तसेच, गाडी येताना उभे राहायचे तसे.

दगूबाई उंबऱ्याच्या बाहेर थांबल्या.

"नवनीत, ऊठ. चाल घर."

"माय, एक मिन्ट."

"मी आठे बठाले उनी नही. लोकेसना घर चोरीसन येस, लाज वाटस का तुले?"

"मामाना घर येस, लोकेसना नही," नवनीत म्हणाला. तो उठला नाही. फाटकाचं बटण दाबलेलं होतं, दांडे खाली होते, सिग्नल हिरवा, गाडी तिकडे मिरचीच्या पथाऱ्यांपाशी सरपटत होती.

दगूबाईंची नजर दांड्यावर गेली. लाल-पांढरे पट्टे. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, मी मूर्ख बाई, काय करून बसले.

"उघाड ते," त्या म्हणाल्या.

"उघडत नही माय."

"खेयनं शे ना? उघाड."

"तूच उघाड. आठे बटन शे."

त्या आत आल्या. रागानं आल्या, चप्पल घालूनच आल्या. उंबरा मधे होता हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल, रंजनाच्या मात्र आलं, तिचा झारा तसाच हातात राहिला. दगूबाईंनी बटण दाबलं. दांडा हलला नाही. पुन्हा दाबलं. अंगठ्यानं, मग दोन्ही अंगठ्यांनी. मग दांडाच बोटानं वर उचलायला गेल्या, तो वाकला पण उघडला नाही.

"बिघडेल शे."

"बिघडेल नही, बाई," हिलालभाऊ म्हणाले. सतरा वर्षांनी त्यांनी तिला बाई म्हटलं. "गाडी सिग्नल वलांडीसन येल शे. आते ती जावालोंग कोनलेच उघडाव नही."

"कोनलेच?"

"कोनलेच."

गाडी सरपटत होती. इंजिनाचा किर्र आवाज, आणि तेलात सांजोरी जळल्याचा वास. दगूबाई गाडीकडे पाहत राहिल्या. मग भावाकडे न बघता विचारलं, "तव्हय का नही सांगं?"

हिलालभाऊंनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की मलाच द्यावंसं वाटलं. मी मनात म्हणत होते, सांगा की भाऊ, तेराव्याला तोंड उघडलं तेव्हा बाईनंच बंद केलं म्हणून.

ते म्हणाले, "सांगतू, तर तू पुढलं इचारती."

"काय इचारती?"

ते प्लायवरचा भुसा बोटानं सारखा करायला लागले.

"आन उघाडता येतं तर?" दगूबाईंनी विचारलं. "मंग उघाडता का तू?"

मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते. हो म्हणा. एवढं एक खोटं, सणाच्या दिवशी, बहिणीसाठी. कोण मोजायला बसलंय.

"नही बाई," हिलालभाऊ म्हणाले. "गाडी येल व्हती. जीपमा तू बी व्हती, पोऱ्या बी व्हता. नही उघाडतू."

नवनीतनं मान खाली घातली. रंजनानं गॅस बंद केला, तो टक असा आवाज झाला. मला वाटलं आता त्या वळतील आणि जातील, आणि पुढची सतरा वर्षं मोजायला आम्ही कोणी असणार नाही.

दगूबाईंनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. प्लायवर वाकून त्यांच्या बाजूनं फाटकाकडे येणारा रस्ता पाहिला, नीट, चष्मा सरकवून.

"जीप कथा शे?" त्या म्हणाल्या.

नवनीतनं खिशातून काढली आणि फाटकाला चिकटवून ठेवली.

"तठे नही. मांगे. निंबना झाडखाले व्हती, सावलीमा. मीच सांगं व्हतं डायव्हरले, ऊन लागस म्हनीसन."

झाड होतं. पऱ्हाटीची काटकी, बरोबर त्याच जागी. हिलालभाऊंनी दोन वर्षांपूर्वी लावलेलं. नवनीतनं जीप मागे घेऊन त्या झाडाखाली ठेवली. मग आम्ही पाच माणसं उभी राहून त्या गाडीची वाट बघायला लागलो. मला नुसती वाट बघायची सवय नाही, मी सारखी पदराशी चाळा करत होते. गाडी आली. इंजिन गेलं, एक डबा, दोन, तीन, चार. खटकन आवाज झाला. सिग्नल लाल. दगूबाईंनी बटण दाबलं आणि दांडे वर गेले.

जीप कोणी हलवली नाही. शेवटी दगूबाईंनीच एका बोटानं ढकलली. तिचं एक चाक फिरत नव्हतं, ती रुळावर अडकली, त्यांनी उचलून पलीकडे ठेवली, पुन्हा ढकलत नेली, मिरचीच्या पथाऱ्यांजवळून, आणि तिथे वीतभर पुढे प्लायवूड संपलं. जीप त्यांच्या बोटाखाली काठावर थांबली.

"पुढे रस्ताच नही तुन्हा," त्या म्हणाल्या.

"प्लाय सरनं, बाई."

"आखो प्लाय आनाले सांगू नका कोनी," रंजना मागून म्हणाली. "मन्हं घर शे हाई, नंदुरबार ठेसन नही."

तेवढ्यात दगूबाईंना शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी, लागोपाठ सात-आठ. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, चष्मा काढावा लागला, आणि एकदा वाहायला लागलं ते थांबेना. तिखटामुळेच, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. रंजनानं पाणी आणलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, चप्पल तिथंच काढली. हिलालभाऊ उभेच होते. मी म्हटलं, "भाऊ, गाडी गेली. बसा आता." ते बसले.

दोन सांजोऱ्या खाल्ल्या दगूबाईंनी. एक जळलेली निघाली, तीही खाल्ली. भावाशी आणखी काही बोलल्या नाहीत. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि खरं सांगू, केलं की नाही मला अजून माहीत नाही. मी विचारायचं ठरवलंय, पण त्या बाईपुढे माझी जीभही घसरायला घाबरते.

ऊन उतरल्यावर नवनीतबरोबर निघाल्या. दारातल्या निंबापाशी थांबल्या. झोका बांधलेला होता, दरवर्षीसारखा. त्यांनी दोराला हात लावला, ओढून पाहिला. दोर जुना, मधे मधे पिंजलेला, बसणारं माणूस एकटी मी, म्हणून कोणी बदललाच नव्हता.

"याच्यावर बठसू तर पडसू मी," दगूबाई म्हणाल्या. भावाला नाही, झाडाला म्हणाल्या. आणि बोगद्याकडे चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पावणेसहाची गाडी जायच्याही आधी, हिलालभाऊंनी सायकल काढली. मी खिडकीतून विचारलं, "कुठे निघाला एवढ्या पहाटे?"

"नंदुरबार. दोर आनाले."

"भाऊ, आखाजी काल झाली."

"हां वहिनी," म्हणाले, आणि गेले.